कॅम्परमध्ये लिथियम बसवताय? आधी अल्टरनेटरकडे बघा

प्रश्न विट्याच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांनी ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतला आहे. नवराबायको दोघंच, एका वेळी चार-पाच दिवस बाहेर असतात. कधी महाबळेश्वर-तापोळा, कधी कोकण. गाडीत १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे लेड-अॅसिड, बॅटऱ्या, ९०० व्हीएचा घरगुती साइनवेव्ह इन्व्हर्टर, १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप आहे. गाडी चालू असली की एका रिलेमधून (आपोआप चालणारा स्विच) अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) या बॅटऱ्या चार्ज करतो. दुकानदाराने सुचवलंय की दोन्ही ट्युब्युलर काढा, १०० एएचची एक लिथियम ठेवा, छतावर ५४० वॅटची दोन पॅनेल टाका, सोबत ‘१००/३०’चा चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारी डबी); बाकी काही बदलायला लागत नाही. हे बरोबर आहे का?

लिथियमकडे जाण्याचा विचार बरोबर आहे. बाकी जवळजवळ सगळं बदलायला लागतं, आणि तेच कुणी सांगत नाही. गाडीतल्या लिथियमच्या कामात बॅटरी हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम तिला भरणाऱ्या आणि तिच्यातून ओढणाऱ्या वायरिंगचं आहे.

आधी आकड्यांचा हिशेब करू. तुमच्या दोन ट्युब्युलर मिळून ३०० एएच, म्हणजे कागदावर ३.६ युनिट. पण लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झरझर संपतं, म्हणून वापरायला १.८ युनिटच धरायचे. १०० एएचच्या लिथियममध्ये १.२८ युनिट मावतात, त्यातले १.१ बिनधास्त वापरता येतात. म्हणजे १०० एएचची लिथियम तुमच्या आत्ताच्या जोडीपेक्षा कमीच पडणार. ‘लिथियमची शंभर म्हणजे साध्याची तीनशे’ असं काउंटरवर म्हटलं जातं, त्यात काही अर्थ नाही. १०० ची लिथियम साध्या २०० च्या जवळपास जाते, यापुढे कुणी गेलं तर तो माल विकतोय असं समजा.

आता खर्च बघा. फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास खाईल. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर चालले की अर्ध्या युनिटाला थोडं कमी. दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पंप, सकाळची मिक्सरची घरघर असं सगळं धरून आणखी चारशे वॅट-तास (हजार वॅट-तासांचं एक युनिट). एकूण साधारण १.४ युनिट. याशिवाय एक छुपा खाणारा आहे, तो म्हणजे तुमचा इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी १५-२० वॅट ओढत राहतो, म्हणजे चोवीस तासांत ४०० वॅट-तासांच्या घरात. फ्रीज जेवढं खातो त्याच्या जवळपास. त्यामुळे पंखे १२ व्होल्टवर चालणारेच घ्या, फ्रीज तुमचा आहेच १२ व्होल्टचा, आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सर आणि लॅपटॉपपुरता चालू करून लगेच बंद. एवढ्या एका सवयीने मोठी बॅटरी घेण्याचा खर्च वाचतो.

या हिशेबाने तुम्हाला २०० एएचची बॅटरी लागेल. २.५६ युनिट, त्यातले सव्वादोन वापरायला. पाऊस-ढगात एक दिवस चार्जिंग झालं नाही तरी फ्रीज बंद पडणार नाही. वजनाचा फायदा वेगळाच: दोन ट्युब्युलर अॅसिडसकट ११०-१२० किलो भरतात, २०० एएचची लिथियम पंचवीस किलोच्या आत. मागच्या चाकांवरचा तेवढा भार कमी झाला की पसरणी घाट चढताना गाडीलाच कळतं. एसीचा मोह होतो आहे असं तुमच्या पत्रावरून वाटलं. एक टनाचा एसी तासाला एक युनिट घेतो. दोन तासांत बॅटरी तळाला. तेव्हा तो विषय बाजूला ठेवा. जतच्या उन्हात दुपारी गाडी झाडाखाली लावणं आणि छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालवणं हाच खरा एसी.

आता अल्टरनेटर. तुमचा जुना रिले इंजिन चालू झालं की दोन्हीकडच्या बॅटऱ्या थेट जोडून टाकतो. लेड-अॅसिडचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे ती भरत आली की आपोआप करंट कमी घेते आणि अल्टरनेटरला विश्रांती मिळते. लिथियम तसं करत नाही. अर्धी रिकामी लिथियम थेट जोडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर काटा झर्रकन अल्टरनेटरच्या क्षमतेपर्यंत जातो आणि तिथेच उभा राहतो. बॅटरी जवळजवळ भरेपर्यंत खाली येत नाही. अल्टरनेटर मुळात असा तासन्‌तास पूर्ण भाराने चालायला बनवलेला नसतो. त्याचा थंडावा त्याच्याच पंख्यावर, पंख्याचा वेग इंजिनच्या वेगावर. खंबाटकीत ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना किंवा कासला रविवारच्या गर्दीत इंजिन चालू ठेवून उभं राहिल्यावर वारा कमी आणि भार पूर्ण, अशी अवस्था होते. वॉर्निशचा जळका वास येतो, मागच्या बाजूचा बी-प्लसचा लग (पॉझिटिव्ह वायरच्या टोकाची धातूची कडी) निळसर पडतो, वायरचं प्लास्टिक आखडून मागे सरकतं. अशा गाड्या आमच्याकडे बरेचदा ‘सोलारमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे’ म्हणून येतात. सोलारचा काही संबंध नसतो.

दुसरा धोका याहून फसवा. लिथियमच्या आत बीएमएस असतो (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट). सेलचं व्होल्टेज किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं की तो बॅटरी क्षणात तोडतो. अल्टरनेटर भरधाव करंट देत असताना समोरची बॅटरी अचानक गायब झाली तर व्होल्टेज उसळी मारतं आणि अल्टरनेटरचे डायोड, नशीब खराब असेल तर गाडीचं आणखी काही इलेक्ट्रॉनिक्स, जातं.

उपाय एकच: मध्ये डीसी-डीसी चार्जर. तो अल्टरनेटरकडून ठरलेलाच करंट घेतो आणि लिथियमला हवं तेच व्होल्टेज देतो. तुम्हाला ३० अँपिअरचा पुरेल. अल्टरनेटरवरची पाटी वाचा, तिच्यावर अँपिअर लिहिलेले असतात. डीसी-डीसीने त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास घेतलं तर डोक्याला ताप नाही. गाडी बीएस-६ असेल तर एक जास्तीची गोष्ट. नव्या गाड्यांपैकी काहींत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक वरखाली करतो. उतारावर वाढवतो, सपाटीला इतकं खाली आणतो की डीसी-डीसीला इंजिन बंद झाल्यासारखं वाटतं. म्हणून इग्निशनच्या तारेवरून चालू-बंद होणारा चार्जर घ्या, नुसत्या व्होल्टेजवर चालणारा नको.

३० अँपिअरने काय मिळतं ते बघा. साताऱ्याहून महाबळेश्वरला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात ४५ ते ६० एएच. सातारा-सांगली अडीच-तीन तासांत ७५ ते ९० एएच, म्हणजे एक युनिटाच्या वर, रात्रीसुद्धा आणि पावसातसुद्धा. तुम्ही रोज थोडं तरी फिरत असाल तर तुमचा मुख्य पुरवठा हाच आहे. सोलार हा एका जागी तळ ठोकून राहण्याच्या दिवसांचा सोबती.

तर आता पॅनेल. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. त्याचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ४९-५० व्होल्ट. दुकानदाराने दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडली तर ९९-१०० व्होल्ट होतात, आणि ‘१००/३०’ कंट्रोलरवरच्या १०० चा अर्थ १०० व्होल्टच्या वर मी मरतो. पॅनेलचं व्होल्टेज थंडीत वाढतं, अंशाला सुमारे ०.२७ टक्के. प्रयोगशाळेतला आकडा २५ अंशाचा असतो. डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी ८ अंश तापमान आणि कोवळं ऊन, अशा वेळी त्याच जोडीचे १०३ व्होल्ट होतात. पहिल्याच थंड सकाळी कंट्रोलर गेला, आणि वॉरंटीवाला म्हणणार जास्त व्होल्टेज दिलंत. पॅरलल जोडली तर कंट्रोलर वाचेल, पण त्यातल्या ३० चा अर्थ ३० अँपिअर, म्हणजे १३.५ व्होल्टला ४०० वॅटच. उरलेली ६८० वॅट नुसती छतावर शोभेला.

मी तुम्हाला २०० वॅटची दोन पॅनेल सुचवीन. वॅटमागे थोडी महाग पडतात, खरं. पण व्हॅनचं छत आपल्या रस्त्यांवर मुरडतं, मोठ्या काचेत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि पॅनेल हळूहळू मंद होतं. शिवाय छोट्या पॅनेलच्या मधून एक्झॉस्ट पंख्याला जागा राहते. ती दोन पॅरलल जोडा. तुमच्या छतावर सामानाचा कॅरियर आहे, त्याची सावली सकाळ-संध्याकाळ एका पॅनेलवर पडणारच. पॅरललमध्ये दुसरं तरी पूर्ण चालतं. कॅरियर नसता आणि गाडी कायम उघड्यावर उभी असती तर सिरीज सांगितलं असतं, सकाळी लवकर सुरू होतं. चिकटवायची लवचीक पॅनेल मात्र घेऊ नका. पत्र्याला चिकटलेलं पॅनेल मेमध्ये भाजून निघतं. काचेच्या पॅनेलखालीसुद्धा चार-पाच सेंटिमीटर हवा खेळायला हवी. सेल ६५ अंशाला गेला की १४ टक्के उत्पादन तिथेच जातं.

४०० वॅटमधून किती अपेक्षा ठेवायची? एप्रिल-मेमध्ये स्वच्छ दिवस असेल तर दीड युनिटाच्या वर मिळेल. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, सपाट पॅनेलला याहून सोयीचं काही नाही. डिसेंबरात तो माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून पन्नासेक अंशच वर येतो, सपाट पॅनेलवर ऊन तिरकं पडतं, आणि आभाळ निरभ्र असूनही १.२-१.३ युनिटच येतात. लोकांना हे पटत नाही. ‘ऊन तर कडक आहे’ म्हणतात.

पावसाळ्यात तर एकाच जिल्ह्यात दोन देश आहेत. जुलैत महाबळेश्वर-बामणोलीच्या धुक्यात चारशे-पाचशे वॅट-तास मिळाले तरी पदरात पडलं म्हणायचं. त्याच दिवशी माण-खटावात किंवा शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतकडे ढगांच्या फटीतून ऊन येत-जात असतं आणि फ्रीज आरामात चालतो. तेव्हा पश्चिमेकडे जाताना सोलार हिशेबातच धरू नका. रोज तीन-साडेतीन तास गाडी चालवा किंवा मुक्कामाच्या ठिकाणी वीज घ्या. वीज घ्यायची तर १४.४ व्होल्टचा लिथियमचा चार्जर सोबत हवा. शेतावरच्या मुक्कामात संध्याकाळी विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून १५०-१६० व्होल्टवरही चालणारा बघा.

एक अगदी आपल्या भागाची गोष्ट: ऊस गाळपाच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, कारखान्याच्या पट्ट्यात गाडी उभी असेल तर बॉयलरच्या धुराड्यातली काजळी आणि जाळलेल्या पाचटाची राख पॅनेलवर बसते. दवाने ती चिकटते आणि बोटाने पुसली तर पसरते. पहाटे, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं क्षाराचं पाणी काचेवर वाळू देऊ नका, त्याचे पांढरे डाग घासून निघत नाहीत.

पॅनेलची वायर छतातून आत घेताना भोकाला सिलिकॉन लावून मोकळे होऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा खातं आणि वर्षात सुटतं. पॉलियुरेथेन सीलंट आणि केबल ग्लँड वापरा. पाणी कुठून आलं ते कॅम्परमध्ये कधीच सरळ सापडत नाही.

सेटिंगमध्ये कंट्रोलरवरचा ‘लिथियम’ पर्याय निवडला म्हणून झालं असं समजू नका, आत शिरून आकडे बघा. पूर्ण चार्ज १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.४-१३.५, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद, आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय शून्य. शेवटच्या दोन गोष्टी लेड-अॅसिडसाठी आहेत; थंडीत आपोआप व्होल्टेज वाढवणं लिथियमला नको असतं, आणि इक्वलायझेशनच्या १५ च्या वरच्या व्होल्टेजला बीएमएस तडक तोडतो. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलटा क्रम.

तुमच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा पर्याय नसेल तर त्याचा चार्जर वापरूच नका, नुसता इन्व्हर्टर म्हणून ठेवा. त्याची लो-बॅटरी १०.५ व्होल्टला वाजते. तोपर्यंत लिथियम पार रिकामी झालेली असते. १२ व्होल्टला इन्व्हर्टर बंद करणारी, त्याचा पूर्ण करंट पेलणारी सोय ठेवा. तसंच व्होल्टमीटर बघून किती चार्ज उरलाय हे लिथियममध्ये कळत नाही. ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना काटा जवळपास तिथेच, १३ च्या थोडा वर. शंट (करंट मोजायचा तुकडा) लावून एएच मोजणारा मीटर लागतो. तो नसेल तर रात्री दोनला फ्रीज बंद पडल्यावरच कळेल.

फ्यूज आणि केबल यांत काटकसर नको. चार आण्यांची कोंबडी बारा आण्यांचा मसाला, असं तुम्हाला वाटेल, वाटू द्या. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. साधा ब्लेड फ्यूज वितळतो पण आतला ठिणगीचा जाळ चालूच राहतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात क्लास टी किंवा थेट टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ फ्यूज हवा. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे चालत नाही. इन्व्हर्टर भर देतो तेव्हा ७० अँपिअर ओढतो, त्याला २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल; डीसी-डीसीला पुढून मागे १६ स्क्वेअर एमएम, दोन्ही टोकांना स्वतंत्र फ्यूज. लग हायड्रॉलिक प्रेसने क्रिम्प केलेला असावा. हातोडीने ठोकून लग बसवणारा वायरमन कितीही अनुभवी असो, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

बॅटरी घेताना रसायन विचारा. गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच हवी. ई-स्कूटरच्या जुन्या पॅकमधून जोडलेल्या स्वस्त बॅटऱ्या बाजारात फिरतात, त्यात बऱ्याचदा दुसऱ्या रसायनाचे सेल असतात. ते एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेट घेतात आणि विझवणं कठीण. वजन करून घ्या. १०० एएचची एलएफपी ११-१३ किलो असते. कुणी सात किलोची डबी १०० म्हणून दाखवली तर आत १०० नाहीत. बीएमएसचं ब्लूटूथ अॅप उघडायला लावा आणि चारही सेलचं व्होल्टेज बघा, पूर्ण चार्जच्या जवळ त्यांच्यात मोठा फरक नसावा. मग एक रात्र माहितीतल्या भारावर चालवून किती एएच निघतात ते मोजा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

जागा मागच्या बाकाखाली, इंजिन आणि सायलेन्सरपासून दूर, हवा लागेल अशी. पट्ट्याने आणि खाली कोनाने घट्ट. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर २५ किलोची वस्तू उडी मारते. थंडीची फार चिंता नको. शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही हा नियम पक्का आहे, पण वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठतं तेव्हाही गाडीच्या आत बॅटरीला तेवढी थंडी लागत नाही. लडाखला नेणार असाल तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस आहे ना ते तपासा. आपल्याकडे शत्रू उष्णता आहे. एप्रिलमध्ये गाडी बंद करून महिनाभर दारात उभी ठेवायची तर बॅटरी निम्म्यावर आणून सोलार तोडून ठेवा. भर उन्हात १०० टक्क्यांवर पडून राहणं तिला मानवत नाही. वापरात असताना मात्र अधूनमधून पूर्ण भरू द्या, सेलचं संतुलन वरच्या टोकालाच होतं.

इंजिनची स्टार्टरची बॅटरी आहे तशी लेड-अॅसिडच राहू द्या. जुन्यातली एक ट्युब्युलर लिथियमला जोडून ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. दोघींच्या व्होल्टेजच्या सवयी वेगळ्या, आणि ज्या ११० किलोतून सुटका करून घेतली त्यातलं निम्मं वजन पुन्हा गाडीत येईल.

काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. कॅम्परसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ज्याने गाडी बांधली त्याच्याकडे त्याप्रमाणे मंजुरीचे कागद असतील तर विद्युत भागातला बदल त्याच्याकडूनच नोंदवून घेणं सोपं. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे टर्मिनल एकदा टॉर्क लावून तपासा, आणि चालू भारावर प्रत्येक लगाला हाताची पाठ लावून बघा. जो कोमट लागेल तो उघडून परत क्रिम्प करायचा.

खर्चाला आळा घालायचा असेल तर कामाचा क्रम असा ठेवा: आधी डीसी-डीसी, केबल, फ्यूज, शंट आणि बॅटरी. पॅनेल दिवाळीनंतर लावली तरी काही अडत नाही, पावसाळ्यात तुम्ही घाटातच फिरणार आहात. ट्युब्युलर चांगल्या अवस्थेत असतील तर त्या घरच्या इन्व्हर्टरला लावा. संपल्या असतील तर बॅटरीच्या दुकानात बदल्यात द्या, शिशाचे पैसे वळते होतात. अॅसिड ओढ्यात ओतून नुसतं शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका.